सावकाश इंजिन

सुसाटला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्याची ताई. तीही रागावली तरच. एरवी ती त्याला भाऊ म्हणायची आणि बाकी सगळं जग सुसाट म्हणायचं.

उमेदीची सगळी वर्षं त्याने शर्यतीच्या मोटारसायकलींची इंजिनं बांधण्यात घातली होती. त्याने बांधलेलं इंजिन शेवटच्या वळणावर असं किंचाळायचं की कुंपणाला टेकलेली माणसं कानांवर हात ठेवायची. सुसाटने मात्र ते कधी ठेवले नाहीत. पन्नाशी ओलांडली तसं ऐकू कमी येऊ लागलं आणि त्या जागी एक बारीक शिट्टी वाजायला लागली. ती झोपेतही पाठ सोडेना.

अशात ताईचा निरोप आला. "तू इंजिनातला किडा आहेस ना? मग ये."

ताई मधमाश्या पाळायची. उन्हाळा चढला की खालच्या कुरणातली फुलं संपत आणि वरच्या पठारावर जांभळा मोहोर उघडे. तेव्हा मधपेट्या वर न्यायलाच लागत, नाहीतर माश्यांची उपासमार. पूर्वी ती पेट्या पाठीवर बांधून न्यायची. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि तिने एक जुनी एटीव्ही घेतली. चार जाड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि मागे छोटी ट्रॉली.

"खाली ठीक चालते," ताईने गोठ्याशेजारच्या छपरात नेऊन त्याला यंत्र दाखवलं. "पण चढ लागला की दम तुटतो. जोर दिला की चाकं जागच्या जागी फिरतात, मग एकदम हिसका देते. गेल्या वर्षी एक पेटी उलटली, भाऊ. माश्यांचं अख्खं घरदार रस्त्यावर आलं. मी नुसती बघत उभी."

"एवढंच ना? हिला अशी करतो की डोंगरच मागे पळेल."

आणि त्याने तसंच केलं. हातांना जी सवय होती तीच ते करत गेले. झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा शर्यतीचा कॅम बसवला, कार्बोरेटर मोठा, धुराचा पाइप आखूड आणि रुंद. चाचणीसाठी ताईने रिकाम्या पेट्यांमध्ये विटा भरल्या. चढाच्या पायथ्याशी इंजिन घशात घास अडकल्यासारखं खोकलं. त्याने अंगठ्याने ॲक्सिलेटरची पट्टी दाबली. क्षणभर काहीच नाही, आणि मग ती किंचाळत उसळली. पुढची चाकं हवेत, विटा वाटभर.

ताई ओरडली नाही. ती वाकून विटा गोळा करू लागली. तेच त्याला जास्त लागलं.

"मला पळायचं नाही रे," ती म्हणाली. "मला पोचायचंय."

त्या दुपारी तो पेट्यांच्या ओळीमागे जाऊन बसला. रुसला होता म्हणा किंवा लाजला होता म्हणा. उन्हाने लाकूड तापलं होतं, मेणाचा वास येत होता. बसल्या बसल्या त्याने डोकं एका पेटीला टेकवलं. आतून गुणगुण येत होती. कानांना नव्हे, कवटीला, दातांना, छातीला. हजारो पंख आणि कुणालाच घाई नाही. कानातली शिट्टी त्या गुणगुणीत विरघळत गेली, जसा खडीसाखरेचा खडा पाण्यात जातो. त्याला स्वप्नात एक रुंद नदी दिसली. तिच्यात लाटा नव्हत्या, आवाज नव्हता, तरी तिने एक अख्खं झाड सहज उचलून नेलं. जाग आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर टोपी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तो गावातल्या लेथवाल्या मित्राकडे गेला.

"सिलिंडर मोठा करून दे, पिस्टनही मोठा बसवू. आणि ह्या फ्लायव्हीलवर पोलादाचं एक कडं चढव. जड कर त्याला."

लेथवाल्याने चष्मा कपाळावर सरकवला. "आयुष्यभर माझ्याकडून फ्लायव्हील सोलून हलकं करून घेतलंस. आता जड? तब्येत बरी आहे ना?"

"हलकं चाक चटकन फिरतं, पण जरा अडलं की चटकन थांबतंही. जड चाक एकदा फिरलं की सहज थांबत नाही. मला ते हवंय."

"म्हातारा झालास."

"हळू बोल, मला ऐकू येतं."

बाकीची कामं त्याने छपरात केली. झडपा लवकर मिटणारा शांत कॅम, म्हणजे इंजिन संथ फिरत असतानाही ओढून घेतलेली हवा परत बाहेर सांडत नाही. जुना लहान कार्बोरेटर परत आला. धुराचा पाइप लांब आणि अरुंद झाला, आणि साखळीचं पुढचं दातेरी चक्र लहान. वेग जाणार होता. जाऊ दे म्हणाला. इंजिन सुरू केलं तेव्हा त्याला ते ऐकावंच लागलं नाही. टाकीवर तळहात ठेवला आणि ठोके मोजून घेतल्यासारखे हाताला आले. जाड, निवांत.

पहाटे ताईने पेट्यांची दारं जाळीने बंद केली, दोघांनी त्या ट्रॉलीत पट्ट्यांनी आवळल्या. धुकं इतकं दाट होतं की हँडलपुढचं जगच नव्हतं. ताई एक हात पेटीवर ठेवून शेजारून चालत होती आणि एटीव्ही तिच्या पावलाने चालत होती. झाडं एकेक करून दुधातून वर यायची आणि परत बुडायची. आपण चढतोय की तरंगतोय, हेच सुसाटला कळेना.

अवघड वळणावर ट्रॉलीचं चाक ओल्या घळीत उतरलं. सगळं अडलं. ठोके मंदावले. एक... मग बऱ्याच वेळाने दुसरा. सुसाटचा अंगठा शिवशिवला. एवढ्या वर्षांत अशा क्षणी त्याला एकच गोष्ट माहीत होती: दाब.

"भाऊ," ताई त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "करू दे तिला."

त्याने अंगठा होता तिथेच धरून ठेवला. घाम फुटला. पुढचा ठोका येतो की नाही असं वाटेपर्यंत तो आला, आणि त्याच्यामागून आणखी एक. जड चाकाने श्वास धरून ठेवला होता. माती चुरचुरली, चाकाने घळीची कड पकडली आणि ट्रॉली वर आली. हिसका नाही, काही नाही. झोपलेल्या पोराला मांडीवरून गादीवर ठेवावं तशी.

ताईने पेटीला कान लावला. "कळलंसुद्धा नाही त्यांना," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पेट्या अजून वर पोचवायच्यात, बघतोस काय? चल."

पठारावर धुकं संपलं. पेट्या मांडून ताईने जाळ्या काढल्या. माश्या बाहेर येऊन, तोंड पेटीकडे करून हवेत आडव्या झुलत राहिल्या. नवं घर ओळखून घेत होत्या. मग एकेक जांभळ्यात शिरली.

परतताना ताई म्हणाली, "हँडल मी धरते." सुसाट आजवर कुणाच्या मागे बसला नव्हता. तो मुकाट्याने रिकाम्या ट्रॉलीत चढला आणि मागे तोंड करून, पाय सोडून बसला. उतारावर इंजिनच गाडीला धरून होतं, ब्रेक लावायला लागत नव्हता. पठार वर वर जात राहिलं, आकाशाला चिकटलेली जांभळी रेघ झालं आणि मग धुक्याने ते पुसलं.

"झोपलास का रे?" ताईने वळून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून जरा हळू घेतेस का?"