ऑगस्टची परीक्षा

यंदा टोलेडो शहराला वेड लागलंय आणि मला त्या वेडाचं तोंडही बघायची इच्छा नाही.

अकरा वर्षं आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, हॅमर्स, मार खात होता. रविवारी अर्धं स्टेडियम रिकामं असायचं आणि जे यायचे ते लाजेने डोक्यावर कागदी पिशव्या घालून बसायचे. यंदा नोव्हेंबर संपत आला तरी संघ फक्त दोनदा हरलाय, तर तीच माणसं आता आमच्या घरावरून जाताना गाडीचे हॉर्न वाजवतात. किराणा दुकानातली गल्ल्यावरची बाई माझं दूध-अंडी बाजूला ठेवून आधी विचारते, "ओडेल कसा आहे गं?" तिला ओडेलचं काही पडलेलं नाही. तिला रविवारचं पडलंय.

ओडेल टिलमन माझा नवरा. हॅमर्सचा डावा गार्ड, म्हणजे ज्याचं नाव कधी कुणी घेत नाही तो. चेंडू फेकणारा वेगळा, पकडणारे वेगळे. बसच्या पाठीवर चित्रं लागतात ती त्यांची. ओडेल आणि त्याच्यासारखे आणखी चौघे पुढे ओळीत उभे राहतात आणि समोरून धावत येणाऱ्या दीडदीडशे किलोच्या माणसांना खांद्याने, छातीने, डोक्याने थोपवतात, कशासाठी, तर मागे चेंडू फेकणाऱ्या त्या राजपुत्राच्या कपड्यांना धूळ लागू नये म्हणून. नऊ वर्षं माझा नवरा पोटासाठी डोकं आपटून घेतोय. हे असं बोललेलं त्याला आवडत नाही. नसेना का.

तर परीक्षेचं सांगते. दर ऑगस्टला, मोसम सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक खेळाडूला संगणकासमोर बसवतात. शब्द दाखवतात, मग विचारतात कुठले होते. आकृत्या दाखवतात. रंग बदलला की झटकन बटण दाबायचं. पुढे मोसमात डोक्याला मार बसला की हीच परीक्षा परत घेतात आणि गुण ऑगस्टपेक्षा घसरले तर बाहेर बसवतात. सरळ गोष्ट आहे. या पाच शहाण्यांनी त्यावर शोधलेली युक्तीही तितकीच सरळ: ऑगस्टमध्येच मुद्दाम चुका करायच्या. फार ढ वागलं तर पकडतात, म्हणून बेताने ढ व्हायचं. मग नंतर डोकं हललेलं असलं तरी गुण तेवढेच येतात आणि रविवार चुकत नाही.

यांच्या ओळीचं दर गुरुवारी एकत्र जेवण असतं, ग्रेडी कोवाल्चिककडे. ग्रेडी म्हणजे सेंटर, ओळीच्या मधला, चेंडू मागे देणारा. परीक्षेच्या आठवड्यात तिथे दुसरा विषय नसतो. या ऑगस्टमध्येही तेच. बरगड्यांच्या मांसाची परात मध्ये ठेवलेली, कोपरापर्यंत हात बरबटलेले आणि ग्रेडी परीक्षा घेतोय.

"ओडेल, तुझं काय झालं रे?"

"झकास. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा आमचा लॅब्राडोर बरा."

"लेका, तुला बरं आहे. आम्हाला ढ दिसायला मेहनत पडते."

"तू नुसता फोटो पाठव ग्रेडी, त्यातच पास होशील."

सगळे टेबल बडवून हसले. ओडेल सगळ्यात मोठ्याने. मला यात हसण्यासारखं काय आहे ते नऊ वर्षांत कळलेलं नाही. मी भाजीचं भांडं उचललं आणि आत गेले, तर ग्रेडीची बायको म्हणते, "जाऊ दे गं शेरीस, पोरं आहेत." तिशी उलटलेली, गुडघ्यात खिळे ठोकलेली पोरं.

मग गेल्या रविवारी ते झालं. तिसऱ्या सत्रात समोरच्याचं शिरस्त्राण ओडेलच्या कपाळावर खालून आदळलं. तो पडला, उठला आणि ताठ चालत समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. ग्रेडीने त्याला दंडाला धरून परत आणला. टीव्हीवर बडबडणारे दोघे हसले. एक म्हणाला, "टिलमनला आज नवीन मित्र हवेत." स्टेडियम हसलं. मी घरी सोफ्यावर माझ्या सहा वर्षांच्या मुलीला, इमानीला, मांडीवर घेऊन बसले होते. तिने विचारलं, बाबा तिकडे का गेला. मी टीव्ही बंद केला.

सोमवारी सकाळी त्याने मक्याच्या कण्या शिजवल्या, अंडी तळली, आम्ही तिघांनी खाल्लं. भांडी वाळतायत तोवर तो परत उठला, तेच पातेलं गॅसवर ठेवलं आणि कण्यांचा डबा काढला.

"ओडेल, आत्ता तर खाल्लं आपण."

त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं. "माहितीये. अजून भूक आहे," म्हणाला आणि डबा जागेवर ठेवून दिला. भूक असलेला माणूस डबा ठेवून देत नाही.

मंगळवारी परीक्षा झाली. गुण ऑगस्टइतकेच. संघाचे डॉक्टर ब्रँडॉफ म्हणाले, खेळायला हरकत नाही. हा रविवार जिंकला की अकरा वर्षांनी पहिल्यांदा बाद फेरी. गल्लीच्या तोंडाशी लगेच फलक लागला.

बुधवारी मी त्याला सरावावरून आणायला गेले, कारण उजेड डोळ्यांत खुपतो म्हणून त्याने गाडी चालवायची बंद केली होती. घरापर्यंत माझ्याच्याने दम धरवला नाही. चर्चच्या आवारात गाडी लावली आणि म्हटलं, "उद्या मी ब्रँडॉफकडे जाते. ऑगस्टमध्ये तुम्ही काय धंदे करता ते सगळं सांगते."

"शेरीस, वेडी आहेस का? ग्रेडी लटकेल. सगळी ओळ लटकेल."

"लटकू दे. तुझे ऑगस्टचे गुण खोटे आहेत, म्हणून मंगळवारचे बरे दिसतात. एवढं त्या डॉक्टरला कळलं की तू घरी बसशील."

त्याने काचेबाहेर पाहिलं. मला वाटलं आता भांडेल, आणि मला भांडायचंच होतं.

"या ऑगस्टमध्ये मी खोटं नाही केलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"जुलैमध्ये मी नि इमानी पत्त्यांच्या जोड्या लावायचा खेळ खेळायचो ना. ती दर वेळी जिंकायची. तिला वाटतं बाबा मुद्दाम हरतो. मी हरत नव्हतो मुद्दाम. म्हणून म्हटलं, यंदा परीक्षा सरळ द्यायची. बघू तरी. आदल्या रात्री नीट झोपलो, पोटभर खाल्लं, जीव तोडून दिली."

"मग?"

"मग तेवढेच आले. दर वर्षी मुद्दाम चुकून यायचे तेवढेच."

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्याच्या खांद्यावर, छातीवर, जिथे हात पोचला तिथे मारलं, आणि त्याने मारू दिलं. आठ वर्षं याने स्वतःला खोटं खोटं ढ दाखवलं, आणि नवव्या वर्षी खरंच तिथवर उतरला, तर कुणाच्या लक्षात येणार? डॉक्टर नऊ वर्षांचे आकडे बघतो आणि म्हणतो, माणूस दगडासारखा स्थिर आहे. उतरताना दिसावा म्हणून वर जागाच ठेवली नव्हती या गाढवांनी. आणि हे स्वतःला कळल्यावर ऑगस्टमधल्या त्याच गुरुवारी ग्रेडीच्या टेबलावर बसून तो लॅब्राडोरचा विनोद करत होता. मला त्या विनोदाचा जितका राग आला तितका कशाचाच आला नाही.

"उद्या दोघं जाऊ," मी म्हटलं. "मी बोलणार नाही. तू तुझ्या तोंडाने सांगायचंस."

"सांगतो," तो म्हणाला. माझा हात हातात घेतला आणि पुन्हा म्हणाला, "सांगतो, शेरीस."

गुरुवारी सकाळी आम्ही ब्रँडॉफच्या समोर बसलो. माणूस वाईट नाही, गोड बोलतो, तेच त्याचं दुखणं आहे. मी न बोलायचं ठरवलं होतं, पण ओडेल नुसताच भिंतीवरची मोसमाची वेळापत्रकं वाचत बसला, तेव्हा मीच सुरुवात केली. युक्ती सांगितली, आठ वर्षांचं सांगितलं.

ब्रँडॉफने बोटं गुंफून हात टेबलावर ठेवले. "मिसेस टिलमन, थोडीफार लबाडी सगळेच करतात, आम्हाला काय माहीत नसतं का? पण बायकोच्या शब्दावर या आठवड्यात मी गार्डला बसवला तर प्रशिक्षक मला कच्चा खातील. त्याने सांगावं. त्याने सांगितलं तर मी या क्षणी त्याला बसवतो, मग कुणी काहीही म्हणो."

"ओडेल," मी म्हटलं, "काल गाडीत सांगितलंस ते सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "काल गाडीत?"

"चर्चच्या आवारात. ऑगस्टबद्दल. इमानीच्या पत्त्यांबद्दल."

तो हसला. रस्त्यात कुणी अनोळखी माणूस येऊन पाठीवर थाप मारतो तेव्हा तो हसतो, तसं. "काल तर मी सरावाला होतो ना," तो म्हणाला.

"मी आणायला आले होते."

"तू आली होतीस?"

"हे बघा," मी ब्रँडॉफला म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "हे काय चाललंय ते दिसत नाही तुम्हाला?"

ब्रँडॉफने त्याला वार विचारला, तारीख विचारली, राज्यपालांचं नाव विचारलं. सगळं बरोबर. रविवारी समोर कोण, विचारलं. ओडेलने समोरच्या संघाची पुढची सगळी फळी जर्सीच्या अंकांसकट सांगितली, कोण डावीकडून घुसतो, कोण आधी हात टाकतो, कुणाचा घोटा दुखावलाय. तेवढं पाठ असतं त्याला. ब्रँडॉफ खुर्चीत सैलावलेला मला दिसला.

"हे बघा मिसेस टिलमन," तो म्हणाला, "नवरा-बायकोच्या मध्ये मी पडत नाही. त्याला सांगायचं नसेल तर माझ्या हातात काही नाही." आणि खेळायच्या परवानगीवर सही केली.

बाहेरच्या बोळात मी ओडेलला भिंतीशी उभं केलं. "आता इथे कुणी नाही. खरं सांग. ग्रेडीसाठी लपवलंस ना? रविवारसाठी?"

"काय लपवलं?"

"ओडेल, मी रागावणार नाही. लपवलंस एवढंच सांग."

"शेरीस, तू असं का करतेयस? काय लपवलं मी?"

कॉलेजपासून ओळखते मी या माणसाला. त्याला माझ्याशी खोटं बोलता येत नाही. बोलला की मान अवघडल्यासारखा इकडेतिकडे बघतो आणि मी पकडते. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यात खोटं शोधलं. सापडलं असतं तर तिथेच कानाखाली वाजवली असती आणि मग घरी नेऊन जेवू घातलं असतं. त्याने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. माझी काळजी वाटून पाहत होता.

मी त्याला बोळातल्या बाकावर बसवलं, त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि दार न वाजवता परत ब्रँडॉफच्या खोलीत शिरले.