गव्हाणीत निजलेली राणी

मित्रांनो, दार ढकलू नका, ते खाली घासतं. जरासं वर उचलून धरा, म्हणजे उघडेल. हां, असं. आता आत या आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. मी एक जुना गोठा आहे. पोलादपूरहून डोंगराकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला मी बरीच वर्षं उभा आहे. उभा म्हणायचं आपलं. खरं तर मी शेजारच्या आंब्यावर टेकलो आहे.

मला भागोजीने बांधलं. रानातून खांद्यावर आणलेल्या लाकडांचे खांब, कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणामातीचा हात. छपराला आधी पेंढा होता. चार बरे दिवस आले तेव्हा महाडच्या बाजारातून कौलं आली. आत एका कडेला लांबच लांब गव्हाण केली. गुरांना चारा घालायची लाकडी पेटी म्हणजे गव्हाण. वर पेंढ्याचा माळा. भागोजीने सगळं बांधून झाल्यावर माझ्या मधल्या खांबाला थोपटलं आणि म्हणाला, "आता तू हाय आणि गुरं हायत." मला वाटलं, केवढं हे काम! मी अगदी ताठ झालो.

पुढे कळलं की गोठ्याला झोप नसते. घरातली माणसं दिवा मालवून निजतात, पण गुरं रात्रभर रवंथ करतात, शिंगं खांबाला घासतात, पावसाळ्यात खोकतात. कुठे गळतं, कुठे दावं तुटतं. तक्रार नाही करत. पण कुणी विचारलंच, म्हातारपणी तुला काय हवं, तर मी म्हणेन, एक सलग झोप.

माझ्यासारखंच दुसरं कुणी त्या घरात जागं असेल, तर ती अंकिता. भागोजीची सून. ती पोलादपूरच्या शाळेत शिकलेली. शाळेच्या गॅदरिंगला तिचं गाणं ठरलेलं असे, असं तीच एकदा गाईला सांगत होती. नवरा मुंबईला, सणावारी येणारा. पहाटे शेण भरायला ती माझ्यात यायची तेव्हा गुणगुणायची. बाहेर सासूची, ठमाबाईची चाहूल लागली की गप्प. मग ऋत्विक झाला. तेव्हापासून गुणगुणणंही बंद झालं. पोर रात्री निजायचं नाही, आणि दिवसाची कामं कुणासाठी अडून राहत नाहीत. धार काढताना गाईच्या पोटाला डोकं टेकून ती क्षणभर डोळे मिटायची. गाय बिचारी हलत नसे.

रायगडाला रोपवे झाला, त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतला तो उन्हाळा. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावात आले की देवळाच्या सभामंडपात नाटक व्हायचं. त्या साली मंडप पाडून नवा बांधायचं काम निघालेलं. उघड्यावर करावं तर डोंगरावरचा वारा पडदे टिकू देत नाही. शेवटी सगळे भागोजीच्या ओटीवर जमले.

"काका, तुमचा गोठा द्या," यज्ञेश्वर मास्तर म्हणाले. ते महाडचे. गावच्या शाळेत शिकवायचे, पेटी वाजवायचे, आणि नाटक त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं : संगीत चांदणराणी. "उन्हाळ्यात गुरं तशीही बाहेर आंब्याखाली असतात."

"गोठ्यात नाटक?" भागोजी हसला. "अरे, मग गुरांस्नी तिकीट नको लावू."

राजा होणार होता येसाजी. मुंबईच्या एका छापखान्यात कामाला. तो म्हणाला, "काका, टेन्शन नको. एकदम फर्स्टक्लास थेटर करून देतो." राणी कोण, हा मोठा प्रश्न होता. आजवर राणी व्हायचा तो पुरुषच. पण मास्तरांच्या नाटकात राणीचं शेवटचं पद वरच्या पट्टीतलं होतं आणि ते कुणा पुरुषाच्या गळ्यात बसेना. तेव्हा चहा द्यायला आलेली अंकिता दाराशी थांबली आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मी म्हणू का?"

ओटीवरच्या सगळ्या माना ठमाबाईकडे वळल्या. मग ठमाबाईच बोलली. "म्हण की. मी कुठं नको म्हणते? पण माजं काम अडता नये. पोराला पाजून, भाकऱ्या टाकून, मंग काय ती राणी व्हायची ती व्हो."

अंकिताने मान हलवली. तिला तेवढंही पुष्कळ होतं.

मित्रांनो, त्या महिन्यात माझं रूपच पालटलं. बायकांनी मला झाडून, सारवून लख्ख केलं. गव्हाणीपुढे फळ्या मांडून रंगमंच झाला, लुगडी जोडून पडदा झाला. माळ्यावरून कागदाच्या फुलांच्या माळा सोडल्या. गव्हाणीत मऊ पेंढा भरून वर गोधडी अंथरली. तो राणीचा पलंग. नाटकातली राणी राजाची वाट बघून बघून निजते. राजा लढाईहून येतो, गाणं म्हणतो, ती जागी होते आणि मग तिचं ते पद. त्या पदावर नाटक संपायचं.

तालमीला अंकिता रोज धावत यायची, हात पदराला पुसत. पद म्हणायची आणि धावत जायची. एकदा मास्तर म्हणाले, "अंकिता, आवाज छान आहे, पण तू श्वासच घेत नाहीस. जरा स्वस्थ म्हण."

"मास्तर, स्वस्थ म्हणायला गेले तर भात करपेल," ती म्हणाली, आणि सगळे हसले. मी हसलो नाही. तालीम संपल्यावर ती माझ्या खांबाला टेकून तेच पद पुन्हा अगदी हळू म्हणायची. या एका गाण्यासाठी ती महिनाभर आणखी थोडी कमी झोपत होती.

नाटक दुपारचं ठेवलं होतं. खालच्या वाडीच्या बायकांना दिवस मावळायच्या आत घरी जाऊन चूल पेटवायची असते, म्हणून. अंकिता त्या दिवशी पहाटेच्याही आधी उठली. शेण, पाणी, धार, सगळ्या पाहुण्यांच्या भाकऱ्या, पोराची आंघोळ. ठमाबाईचं एकही काम तिने अडू दिलं नाही. मग ऋत्विकला पोटभर पाजून सासूच्या मांडीवर दिलं आणि मावशीकडून मागून आणलेली जरीची साडी नेसून आत आली.

मी माणसांनी गच्च भरलो होतो. नाटक रंगलं. येसाजीची मिशी एकदा सुटली, ती त्याने तलवारीच्या मुठीने दाबून धरली आणि टाळी घेतली. मग तो प्रसंग आला. राणी गव्हाणीतल्या पलंगावर आडवी झाली, डोळे मिटले. येसाजी आला, गुडघे टेकून गायला. गाणं संपलं. राणी उठली नाही.

त्याने पुन्हा गाणं सुरू केलं, जरा मोठ्याने. पडद्याआडून मास्तर कुजबुजले, "उठ, अंकिता, उठ!" राणी उठली नाही. येसाजी वाकून बघायला गेला आणि लोकांकडे वळला.

"अरे यार, ही तर सही में झोपली!"

काय हशा पिकला! पोरं उड्या मारायला लागली. कुणी ओरडलं, "राजा, पानी मार!" कुणी म्हणालं, "लढाईवर परत जा, तवर उठंल!" अंकिताला काही ऐकू गेलं नाही. कितीतरी महिन्यांत तिची पाठ मऊ जागेवर अशी टेकली नव्हती.

तेवढ्यात पुढे बसलेल्या बायका एकेक करून गप्प झाल्या. अंकिताचा एक हात गोधडीबाहेर आला होता आणि झोपेतच पेंढ्याला थोपटत होता. हळू, सारख्या तालात. शेजारी पोर असल्यासारखा.

येसाजी तिचा खांदा हलवायला वाकला.

"येसाजी!" ठमाबाई मांडीवरचं पोर घेऊन उभी राहिली. "हात लावशील तर बघ!"

"काकी, अगं नाटक अडलंय."

"अडू दे."

मास्तर पडद्याबाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "काकू, उद्या करता आलं असतं तर मीही म्हटलं असतं, झोपू दे. पण उद्या मंडळी मुंबईला निघालीत. आज नाही तर तिचं पद राहीलच. तिलाच नंतर वाईट वाटेल. उठवू या का?"

ठमाबाईने त्या थोपटणाऱ्या हाताकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मास्तर, तिला गानं पायजे, ठावं हाय मला. पन असं दचकवून उठवल्यावर काय गाईल ती? माजाच दोष हाय, मी काम सोडलं नाय तिला. जरा थांबा. ज्याला घाई हाय त्यानं जावं."

तेवढ्यात ऋत्विक कुरकुरला. आईला जाग येईल म्हणून ठमाबाई त्याला घेऊन घाईघाईने बाहेर गेली, पार आंब्याच्या पलीकडे.

आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ऊन कौलांच्या फटींतून तिरपं आत येत होतं. खालच्या वाडीच्या बायकांची निघायची वेळ झाली होती. त्यांतली चंद्रभागा अर्धी उठली आणि पुन्हा खाली बसली.

"चल की गो, चूल पेटवायची हाय," दुसरी म्हणाली.

"तू जा. मी नाय येत. मला कोन असं निजू देत नाय. दुसरीला निजलेली बघून तरी बरं वाटतंय."

कुणी हसलं नाही. दुसरीही बसली. काही पुरुष विड्या ओढायला बाहेर गेले, तेही दबक्या पावलांनी. काही घरी गेले, ते परत आले नाहीत. येसाजी मुकुट मांडीवर घेऊन रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसला. मास्तरांनी पेटीचा भाता मिटला. आणि मित्रांनो, एवढी माणसं आत असून मी गप्प होतो. माझ्या आयुष्यात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या वेळी माझाही डोळा लागला असता.

उन्हाचा पट्टा कुडावर वर चढत गेला. मग अंकिता दचकून उठून बसली. केसांत पेंढा, कपाळावरचं कुंकू फिसकटलेलं. "दूध उतू..." म्हणाली आणि समोर पाहिलं. सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"माझं गाणं गेलं ना?" हातांआडूनच तिचा रडवेला आवाज आला.

मास्तरांनी पेटीचा भाता उघडला आणि तिचा सूर धरला. येसाजीने मुकुट डोक्यावर ठेवला, वाकडाच, आणि गुडघे टेकले.

"राणीसाहेब, लढाई कवाच संपली. आमचे पाय बी दुखायला लागले. आता तरी जाग्या व्हा."

ती हसली. रडता रडताच हसली. आणि गायला लागली.

'जागी झाले रे मी, जागी झाले, अंगणी माझ्या ऊन आले...'

पहिली ओळ झोपेने जड झालेली होती. दुसरी मोकळी झाली. या वेळी तिला घाई नव्हती. ती श्वास घेत होती, थांबत होती, आवडलेली ओळ परत घेत होती. कुडाच्या भिंती आवाज अडवत नाहीत. तो बाहेर आंब्यापर्यंत गेला. पोराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणारी ठमाबाई जागीच उभी राहिली. पद संपेपर्यंत ती आत आली नाही. संपल्यावरही आली नाही. सरळ घरात गेली आणि चूल पेटवली. खालच्या वाडीच्या बायका अंधारात टॉर्च घेऊन हसत उतरल्या.

त्यानंतर काही वर्षं मला मान होता. लोक मला बघून म्हणत, राणी झोपली तो हाच गोठा. मग देवळाचा मंडप झाला, माईक आला. भागोजी गेला. बैलांच्या जागी भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला, गाय विकली. अंकिता मुलाच्या शाळेसाठी महाडला राहायला गेली. आता माझ्यात सिमेंटचे फुटके पत्रे आहेत, एक बिनचाकाची मोटारसायकल आहे आणि खांबांत वाळवी आहे. कौलं सरकली की कुणी वर चढत नाही. मी फार दमलो आहे. जमलं तर पावसाआधी तेवढी कौलं नीट बसवा; नाही जमलं तरी मी रागावणार नाही.

पण दुसरं एक मागणं आहे आणि ते टाळू नका. तुमच्या घरात कुणीतरी असेल, सगळ्यांच्या आधी उठणारं आणि सगळ्यांच्या नंतर निजणारं. कधीतरी भाजी निवडता निवडता, नाहीतर तुमचा गणवेश शिवता शिवता तिची मान कलेल. तेव्हा हाक मारू नका. हसू नका. सुई तिच्या बोटांतून अलगद काढून ठेवा, बाळ रडत असेल तर त्याला बाहेर अंगणात न्या, आणि चुलीवर काय ठेवलं आहे, ते तेवढं तुम्ही बघून या.