पाठ केलेला मनोरा

"डायपर वजा करा," आजोबा नर्सला म्हणाले. "कोरडं तीस ग्रॅम भरतं. ओलं असेल तर तुमचं तुम्ही बघा."

नर्सने मुकाट्याने तीस ग्रॅम वजा केले. या गृहस्थांशी वाद घालून गेल्या दोन वर्षांत कुणाचं भलं झालं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी ट्रकच्या वजनकाट्यावर कारकुनी केली होती. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी तिथून घरी आणलं होतं.

नातू दोन महिने आधी जन्मला, तेराशे दहा ग्रॅमचा. आजोबांनीच त्याला छटाक म्हणायला सुरुवात केली. आता छटाक साडेअकरा किलोचा झाला होता आणि आजोबांच्या लेखी विषय संपला होता. डॉक्टरांच्या लेखी तो आत्ता कुठे सुरू होत होता. शरीराने तूट भरून काढली, पण मेंदूची वाढ कशी चाललीय ते बघायला हवं होतं.

आतल्या खोलीत तपासणीच्या बाईंनी टेबलावर लाकडी ठोकळे ओतले. त्या तोंड उघडणार तोच छटाकने सहा ठोकळ्यांचा मनोरा रचला, टाळी वाजवली, मग नाक दाखवलं, कान दाखवला, पोट दाखवलं.

"अरे वा! मी अजून विचारलंच नाही!"

"रक्तातच आहे," आजोबा म्हणाले. "मधे याच्या बापाची पिढी वाया गेली तेवढीच."

सुनेने तिकडे लक्ष दिलं नाही. "बाई, पण घरी हा बोलत नाही हो. दोनच शब्द. पाणी हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो."

"अगं, याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर मुका होता. मग जो सुटला तो आजवर थांबलाय का?"

बाई हसल्या. "आपण वय मोजताना ते दोन महिने सोडूनच देतो. त्या मानाने फारच छान. आता वर्षाने या." त्यांनी पेन उचललं. "बरं झालं. कमी वाटलं असतं तर आत्ताच सुरुवात करावी लागली असती. या वयात मेंदू झपाट्याने शिकतो, मदत जितकी लवकर तितकी बरी."

सून पिशवी आवरू लागली. आजोबांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"बाई, लिहू नका. काट्यावर पाय आहे."

"कुणाचा?"

"माझा."

मग सगळं बाहेर आलं. मागच्या वेळी त्यांनी तपासणी नीट पाहून ठेवली होती. सुताराकडून तस्सेच ठोकळे करून घेतले होते, आणि सून कामावर गेली की सहा महिने रोज सकाळी तालीम चालली होती.

"तुम्ही मला ते ठोकळे खुर्चीचे पाय आहेत म्हणून सांगितलंत!" सून म्हणाली.

"आखूड झालेत, असंही म्हणालो होतो." आजोबांनी बाईंकडे वळून पाहिलं. "आता आधी पोट विचारा."

बाईंनी पोट विचारलं. छटाकने झोकात नाक दाखवलं.

"आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसा."

ते आधीच उठले होते. बाकावर बसून अर्धा तास त्यांनी बंद दाराकडे कान लावले. आतून एकही टाळी ऐकू आली नाही.

सून कागद घेऊन बाहेर आली. आधी कानांची तपासणी, मग आठवड्यातून दोनदा बोलण्याचे व्यायाम. ती रागावली नाही, ते आजोबांना जास्त लागलं.

"बाई म्हणाल्या, काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं. मधे बोलायचं नाही, सुचवायचं नाही. मी म्हटलं, बाबांना जमायचं नाही."

"मला? मोजायला?"

ती तारीख घ्यायला खिडकीकडे गेली. छटाकचा एक बूट निघाला होता. तो त्याने आजोबांसमोर धरला आणि त्यांची बाही ओढली.

"काय हवंय रे?"

आजोबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून ठेवले आणि मोजू लागले. दहा झाले. छटाक बूट धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

आजोबांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.