एका अंड्याचा तवा

मी एका अंड्याचा तवा बोलतोय. हसू नका. दुसरं अंडं फोडलंत तर ते काठावरून ओघळून शेगडीवर जाईल, एवढाच माझा जीव. अंग लोखंडाचं, दांडा लांब आणि तोंड जरा फटकळ. तापल्यावर कोण गोड बोलतं हो?

कारखान्यातून निघालो तो थेट या घरात आलो. पुढे डुकराच्या मटणाचं दुकान, मागे स्वयंपाकघर. घरातली लेक तेव्हा लहान होती, अंडं खाल्ल्याशिवाय शाळेला पाऊल उचलायची नाही. तिच्यासाठी मला आणलं. काय ते दिवस होते! मग लेक मोठी झाली, लग्न करून चार गल्ल्या पलीकडे गेली, आणि मी खिळ्यावर लटकलो. अंगावर गंज, पाठीला जाळं. गरज सरो, वैद्य मरो!

खिळ्यावरून आमच्या बाईंचा, म्हणजे लेकीच्या आईचा, रुबाब तेवढा दिसायचा. त्यांच्या कलेजीच्या सॉसेजसाठी लांबून लांबून गिऱ्हाईक यायचं. बाबा कलेजी आणि खिमा यंत्रातून काढायचे, मीठमसाला कालवायचे आणि हाक मारायचे, "अगं, चाख गं!" बाई कच्चं सारण बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावायच्या, डोळे मिटायच्या. "चिमूटभर मीठ अजून." झालं. ती काळ्या दगडावरची रेघ.

मग बाईंच्या किडन्या निकामी झाल्या. "मला दोन आहेत की, त्यातली एक तुझीच समज," असं लेक इथंच, शेंगा निवडत म्हणाली. बाई ओट्याला धरून हमसून हमसून रडल्या. लेकीनं बोलल्याप्रमाणे किडनी दिली. ती शरीरानं नाकारू नये म्हणून बाईंना कायमच्या गोळ्या सुरू झाल्या. बाई सावरल्या, पुन्हा सारणापाशी उभ्या राहिल्या.

पण पुढे त्यांना थकवा येऊ लागला. किडनी ठणठणीत, मात्र रक्ततपासणीत लिव्हर बिघडलेलं दिसायचं आणि कारण काही सापडेना. एक दिवस लेक दवाखान्यातून बाईंना घेऊन आली आणि बाबांना सांगू लागली, "डॉक्टरांनी विचारलं, कच्चं मांस वगैरे खाता का?"

"छे! आमच्या सात पिढ्यांत कुणी कच्चं खाल्लं नाही, असं सांगितलं मी," बाई ठसक्यात म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. इतक्यात बाबांनी सवयीनं परात पुढे केली, "चाख गं," आणि बाईंचं बोट सारणात गेलं.

"आई, थांब!" लेक केवढ्यानं ओरडली! "हे काय करतेस?"

"चाखतेय. खातेय कुठं?"

बघा आता! चाखणं म्हणजेही खाणंच, हे त्या माउलीच्या कधी मनातच आलं नव्हतं.

पुढची तपासणी झाली आणि नाव कळलं, हेपटायटिस ई. लेकीनं घरी सगळं उलगडून सांगितलं. "हा विषाणू डुकरात असू शकतो, आणि डुक्कर दिसायला अगदी धडधाकट. कलेजी आतपर्यंत शिजली की तो मरतो, कच्ची राहिली तर माणसात येतो. बऱ्याच जणांना पत्ताही लागत नाही. पण आईची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलीय, म्हणून त्यानं तिच्यात मुक्कामच ठोकलाय. असाच राहिला तर लिव्हर जाईल. त्या गोळ्या फार कमी केल्या तर किडनी जाईल."

डॉक्टरांनी गोळ्या जपून थोड्या कमी केल्या, विषाणूवर वेगळं औषध दिलं. कच्चं चाखणं मात्र साफ बंद, बाबांनाही.

"मग दुकानाला टाळं लावा," बाई म्हणाल्या. "न चाखता सारण भरू? डोळे बांधून सुई ओवू?" बाबांनी अंदाजानं मीठ घातलं. पहिलंच गिऱ्हाईक परत आलं, "काय हो, मिठागर विकत घेतलंत की काय?"

तेव्हा लेकीची नजर खिळ्यावर गेली. अहाहा! तिनं मला उतरवलं, घासूनपुसून तेल पाजलं आणि सारणाची एक छोटी टिक्की थापून माझ्यावर टाकली. बाईंनी लगेच उलथनं उचललं, "झाली लाल." लेकीनं टिक्की मोडली तर आत गुलाबी. "परत टाक, आई." मीही एक तेलाचा थेंब उडवला. एवढी घाई कसली!

पूर्ण शिजलेली टिक्की बाईंनी चाखली आणि त्यांचा चेहरा उतरला. "शिजल्यावर चव निराळीच लागते गं. मला काही कळेनासं झालंय." डोळे भरून आले त्यांचे. मलाही फार वाईट वाटलं. जन्मभराची जीभ पुन्हा शाळेत घालायची म्हणजे सोपं का असतं? पण बाई हट्टी. रोज टिक्की, रोज चूक, रोज बाबांची थट्टा. आणि एका सकाळी त्यांनी डोळे मिटले. "चिमूटभर मीठ अजून." तोच जुना ठसका! बाबांनी डबा उघडताना हळूच डोळे पुसले.

काही महिन्यांनी विषाणूवरचं औषध थांबलं. त्यानंतरच्या तपासणीतही विषाणू सापडला नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी भांडंच आहे, मला नको का कळायला?

आता माझी जागा शेगडीजवळच्या पहिल्या खिळ्यावर आहे. एकच मागणं आहे तुमच्याकडे. मांस आतपर्यंत शिजू द्या, कच्च्याला लागलेले हात साबणानं धुवा, आणि माझ्यावर घाई करू नका.

तपासणीचा निकाल आला त्या दिवशी बाईंनी टिक्की केलीच नाही. मला तापवलं आणि एक अंडं फोडलं. "तू मला केवढं दिलंस, आणि मी तुला देते काय, तर एक अंडं," म्हणत त्यांनी ताटली लेकीपुढे ठेवली. लेकीनं घास घेतला. तिनं अगदी आईसारखे डोळे मिटले.

"चिमूटभर मीठ अजून," ती म्हणाली.