देव नसलेल्या महिन्यात

कान्नाझुकी लागला की आमच्या गावचे झाडून सगळे देव इझुमोला सभेला जातात. महिन्याचं नावच मुळी तसं, देव नसलेला महिना. मागे राहतो एकटा एबिसू, मासेमाऱ्यांचा देव, आणि तोही ठार बहिरा. देवळामागच्या फळीवर थापा मारल्याशिवाय त्याला काही ऐकू जात नाही.

नेमकी ह्याच महिन्यात तोमेकिचीची होडी परत आली नाही.

त्याची बायको ओयोने माझी शेजारीण. ती रोज जाऊन फळी बडवायची आणि ओरडायची, "त्यांना घरी आण!" हाताची सालटी निघाली.

"अगं, पुरे," मी म्हटलं. "बहिरा असला तरी तुझे हात दिसत असतील त्याला."

"काकू, दुसरा कुठला देव गावात असता तर मी ह्याच्या दारात आले असते का?"

"पुढचा महिना, शिमोत्सुकी, लागला की येतील सगळे."

"तोवर हे समुद्रात काय खातील?"

मीही तिच्याबरोबर फळी बडवायला लागले. मला त्या गेलेल्या देवांचा भयंकर राग आला होता. घर उघडं टाकून असं कोणी जातं का?

मग एका सकाळी किनाऱ्यावर जल्लोष झाला. तोमेकिचीचा धाकटा भाऊ मात्सुझो, त्याच्या होडीला एबिसू मिळाला होता. समुद्रात बुडून मेलेला माणूस सापडला तर आमच्यात त्यालाही एबिसूच म्हणतात. होडीत घेण्याआधी त्याला विचारायचं, "मासळी देशील का?" होडीतल्याच एकाने त्याच्या वतीने "देतो" म्हणायचं, मगच वर घ्यायचं. त्यानंतर मात्सुझोने टाकलेलं जाळं मासळीने फाटायला आलं होतं म्हणे.

होडीतली चटई उचलली, तर खाली तोमेकिची. बहिऱ्याने आमचं ऐकलं होतं.

संध्याकाळी मात्सुझो सगळ्यात मोठा तांबडा मासा घेऊन ओयोनेच्या दारात आला. मी तिच्यापाशीच बसले होते.

"वहिनी, दादाने भरभरून दिलं."

तिने माशाकडे बघितलंही नाही. "भावोजी, त्यांच्या वतीने 'देतो' कोण म्हणालं?"

"मी."

"ओळखलं होतंत?"

"हो. अंगरख्यावरून, तुम्ही शिवलेल्या." त्याने मासा ह्या हातातून त्या हातात घेतला. "पण रीत आहे, वहिनी. विचारावंच लागतं."

"विचारायचंच होतं, तर 'दादा, घरी येतोस का' असं विचारायचं होतंत."

मात्सुझो मासा तसाच हातात धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत ये, असं आम्ही दोघीही म्हणालो नाही.