वळणावरची पंगत

प्रवासात कुठे जेवायचं हे ठरवण्याचा एवेलिओचा एकच नियम होता: जिथे ट्रक जास्त उभे असतील, तिथे थांबायचं. बोगोटात तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा आणि नव्या माणसाला क्लच दाखवण्याआधी हा नियम ऐकवायचा.

त्या रविवारी मात्र सगळंच बिनसलं होतं. बायको नोरा हिच्या बहिणीकडून, मोनिकिरा गावाहून, दोघं परत निघाले होते. मित्राने शपथेवर सांगितलेली खाणावळ सापडली, पण तिथे आता पंक्चर काढत होते. मग नोराने फोनवर पाच चांदण्यांची एक जागा शोधली. तिच्या फाटकाला साखळी होती आणि आत एक गाय रवंथ करत बसली होती.

"चांदण्या गाईनेच दिल्या असतील," एवेलिओ म्हणाला.

"आणि तुमचा मित्र टायर खाऊन गेला असेल. अहो, पोटात कावळे ओरडताहेत. आता धूर दिसेल तिथे गाडी थांबवा."

पुढच्याच वळणावर धूर दिसला. एका घरासमोर चार-पाच ट्रक, दोन जीपगाड्या. अंगणात मांडव, फळ्यांची लांबलचक टेबलं आणि खाली मान घालून जेवणारी माणसं. डुकराच्या मटणाचा वास थेट रस्त्यापर्यंत आला होता.

"पाटी नाही कुठे," नोरा म्हणाली.

"चांगल्या ठिकाणाला पाटी लागत नाही."

ते आत शिरले तेवढ्यात एप्रन बांधलेली एक बाई लगबगीने आली. "किती उशीर! बसा बसा, गरम आहे तोवर घ्या," म्हणाली आणि कोपऱ्यातल्या दोन रिकाम्या खुर्च्यांवर तिने त्यांना बसवलं. समोर वाडगे आले. कुचुको: गव्हाचा भरडा, शेंगा, बटाटे आणि पाठीच्या कण्याची मांसाळ हाडं घालून तासन्‌तास आटवलेलं दाट सूप. एवेलिओने पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. नोरा काही बोललीच नाही, आणि ती जेवताना गप्प बसली म्हणजे काय, हे एवेलिओला ठाऊक होतं.

भिंतीवर एका मिशाळ म्हाताऱ्याचा फोटो होता, खाली फुलं आणि मेणबत्ती. "खाणावळ याने काढली असणार," एवेलिओ कुजबुजला. "बघ कसा मान ठेवलाय."

शेजारचा ड्रायव्हर त्याच्याकडे ठेच्याची वाटी सरकवत म्हणाला, "कुठले तुम्ही?"

"बोगोटाचे."

ड्रायव्हरचा चमचा हवेतच थांबला. त्याने पलीकडच्याच्या कानात काही सांगितलं, त्याने त्याच्या पलीकडच्याच्या, आणि बघता बघता अख्ख्या मांडवात कुजबुज पसरली: बोगोटावाले आले, बोगोटावाले आले.

"इथे काय बोगोटाची माणसं येत नाहीत?" नोरा पुटपुटली.

घरातून काळ्या कपड्यातली एक म्हातारी आली. ती सरळ एवेलिओपाशी गेली आणि त्याचे दोन्ही हात हातात घेऊन बघत राहिली.

"आलास. मला वाटलं नव्हतं बाबा."

"आम्हालाही वाटलं नव्हतं," एवेलिओ गोंधळून म्हणाला. "वासावरून आलो."

म्हातारी रडायला लागली. एप्रनवाली बाईही रडायला लागली. नोराने टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली. एवेलिओला वाटलं, बाईंच्या मनाला आपलं कौतुक फारच भिडलं. असल्या वेळी निघावं हे बरं. जवळ उभ्या असलेल्या धिप्पाड माणसाला तो अदबीने म्हणाला, "फार उत्तम झालं हो जेवण. आमचा हिशेब सांगता का?"

त्या माणसाचा चेहरा लालबुंद झाला. "हिशेब? आज हिशेब करायला आलात?"

"म्हणजे... जेवलो, तर..."

"माझ्या आईने आपणहून निरोप धाडला. आणि वडिलांना जाऊन वर्ष झालं, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेच्या दिवशी तुम्ही इथे येऊन हिशेब काढता?"

"कुणाच्या वडिलांच्या?"

"तुमच्या! आणि माझ्या!"

एवेलिओने फोटोकडे पाहिलं. त्याचे वडील न्हावी होते, त्यांनी जन्मात मिशी ठेवली नव्हती. क्षणभर त्याला वाटलं, आईने आपल्यापासून काही लपवलं तर नाही ना? मग नोराने त्याची बाही ओढली. "अहो, ही खाणावळ नाहीये."

तो उभा राहिला. कान तापले होते. "बाई, माफ करा. आम्ही तुमचे कुणी नाही. बाहेर ट्रक दिसले, मला वाटलं खाणावळ आहे."

मग शेजारचा ड्रायव्हर फस्सकन हसला, आणि त्याच्यामागून सगळेच. धिप्पाड माणूसही, त्याचं नाव ओविदिओ, नाइलाजाने हसला. फक्त म्हातारी हसली नाही. ती रिकाम्या खुर्चीवर बसली.

"म्हणजे ते आलेच नाहीत," ती म्हणाली.

ओविदिओने हळूहळू सांगितलं. त्याचे वडील, आब्दोन, ट्रक चालवायचे. बोगोटातली बायको आणि मुलगा सोडून ते इथे त्याच्या आईकडे, म्हणजे या हेर्मिंदाबाईंकडे राहिले, ते कायमचेच. आता ते नाहीत, ती पहिली बायकोही नाही. म्हणून हेर्मिंदाबाईंनी त्या मुलाला बोलावलं होतं. कोपऱ्यातल्या खुर्च्या त्याच्यासाठी होत्या.

"आम्ही उठतो," नोरा म्हणाली.

"कशाला? अर्धं जेवून उठतं का कुणी?" हेर्मिंदाबाईंनी स्वतः तिच्या वाडग्यात दुसऱ्यांदा वाढलं. ती खाताना त्या बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्ही बोगोटालाच जाताय ना?"

अशा रीतीने गाडीच्या मागच्या सीटवर, फडक्यात घट्ट बांधलेलं एक पातेलं आलं. पत्ता ओविदिओने सांगितला. "तो घेणार नाही," हेही सांगितलं.

संध्याकाळी बोगोटाच्या दक्षिणेकडच्या एका चढावर त्यांनी दार वाजवलं. पन्नाशीच्या माणसाने उघडलं, पायांत नुसते मोजे.

"मी काही मागवलेलं नाही."

"हेर्मिंदाबाईंनी पाठवलंय," एवेलिओ म्हणाला.

त्या माणसाने फडक्याची गाठ चाचपून पाहिली. "तुम्ही त्यांचे कोण?"

एवेलिओ अडखळला. "आम्ही... जेवायला थांबलो होतो."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने त्यांना आत घेतलं. पातेलं शेगडीवर ठेवलं आणि गरम व्हायच्या आतच उभ्याउभ्या खायला लागला. तीन-चार घासांनंतर थांबला.

"माझी आई असंच करायची," तो म्हणाला. "अगदी असंच. हे तिला वडिलांनी शिकवलं? का माझ्या आईचं त्यांनी तिकडे नेलं?"

उत्तराची वाट न बघता त्याने आणखी एक घास घेतला.

"त्या रागावल्यात का माझ्यावर?"

"नाही," एवेलिओ म्हणाला. मग म्हणाला, "रडत होत्या. पण तेव्हा त्यांना मी तुम्ही वाटलो होतो."

त्या माणसाने पातेलं घासलं, पुसलं आणि एवेलिओच्या हातात दिलं. एवेलिओ दारापर्यंत पोचला तेवढ्यात त्याने ते परत काढून घेतलं. "राहू द्या. मी बघतो," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

गाडीत बसल्यावर नोराने विचारलं, "म्हणजे तो जाणार की नाही?"

"मला काय विचारतेस?" एवेलिओ म्हणाला. मग किल्ली फिरवत पुढे म्हणाला, "पण पातेलं तर ठेवून घेतलंय त्याने."