रांजणडोहाची राखण

कानंदी नदीच्या रांजणडोहात गावातलं कुणी जाळं टाकत नसे. खडस मासे तिथं अंडी घालतात, एवढं कारण गावाला पुरे होतं. सावळाराम भोई त्या डोहाच्या काठीच लहानाचा मोठा झालेला. मासा नुसता उसळला तरी तो किती वर्षांचा, हे तो सांगायचा.

अडुसष्ट साली मुंबईची एक संस्था आली. साहेब म्हणाले, राखण फुकट कशाला? दहा वर्षांचं अनुदान देऊ. समिती झाली. शाळेतले आनंदराव गुरुजी सेक्रेटरी, सावळाराम प्रमुख, त्याचा मेव्हणा गेनू धरून चार राखणदार. सगळ्यांना महिन्याचा पगार. साल सरलं की गुरुजींनी अहवाल धाडायचा, मग पुढचा हप्ता यायचा. चार वर्षं सुरळीत गेली.

बहात्तरला पावसानं तोंडच फिरवलं. नदी ठिकठिकाणी तुटली आणि दोन कोसांतले मासे जीव धरून रांजणडोहात गोळा झाले. नेमकं तेव्हाच गुरुजींना दुष्काळी कामाच्या हजेऱ्यांवर बसवलं. अहवाल राहिला. संस्थेचं पत्र आलं : अहवाल येईतोवर हप्ता नाही.

तीन महिने वाट बघून गेनूनं आपली काठी सावळारामाच्या ओट्यावर आणून टाकली.

"दाजी, म्या खडी फोडाया चाललो."

"आरं, आत्ताच तर राखायची येळ हाय. आपले बाप काय पगार घेत हुते व्हय?"

"त्यास्नी कुणी दिलाच न्हाई. आमाला दिला, आन् बंद केला."

बाकीचेही गेले. सावळाराम एकटाच राखू लागला. चैत्रात एका दुपारी तो रेशनची लाल मिलो ज्वारी आणायला वेल्ह्याला गेला. परतताना दणका ऐकू आला. रस्त्याच्या कामावरचा सुरुंगाचा तोटा कुणीतरी डोहात टाकला होता. पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते, बोटभर पिलांपासून कमरेएवढ्या खडसांपर्यंत. अख्खा गाव पाण्यात उतरलेला. गेनू टोपलं भरत होता आणि त्याच्या शेजारी, पदर खोचून, सावळारामाची बायको धोंडाबाई.

"पोरं उपाशी हाईत," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली.

पाऊस लागला, गुरुजी मोकळे झाले, अहवाल गेला. श्रावणात साहेब मागच्या बाकीसकट मंजुरी घेऊन आले. शाळेत बैठक भरली. कागदावर लिहिलं होतं : डोहातली मासळी सुखरूप आहे. खाली प्रमुखाचा अंगठा हवा होता.

"सायेब, डोहात आता..."

गुरुजींनी त्याचा हात दाबला. "अजून पाच वर्षं आहेत, सावळाराम. पाच घरांची भाकरी आहे," ते हळूच म्हणाले.

गेनू मान खाली घालून बसला होता. सावळारामानं अंगठा उठवला. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. म्हणाले, तुमच्यासारखी माणसं होती म्हणून दुष्काळातही मासे वाचले.

पुढं पाच वर्षं सावळारामानं पगार घेतला आणि रोज राखणीला गेला. डोहाकडं तोंड करून मात्र तो कधी बसला नाही.